दिलेला आवाज

११ जून ९५
आज पुन्हा नोएडा. लक्ष्मीबाई नगरहून दोन बसेस, पुढे सायकलरिक्षा, तोंडावर लूच्या गरम झळा. लॅब तिसऱ्या मजल्यावर, खालचे मजले अजून रिकामेच, जिन्यात सिमेंटची पोती. रेकॉर्डिंगची खोली गाद्यांनी मढवलेली. पंखा बंद, कारण त्याची घरघर टेपवर येते. घाम येतो तो चालतो, पुसल्याचा आवाज चालत नाही.

खुराना साहेब (यापुढे नुसतं खु.) काचेपलीकडून सारखे म्हणतात, "सुलभाजी, भाव मत डालिए."

मी वाचत होते काय, तर "कप. चप. टप. तप." यात कसला भाव घालणार? पण 'तप' म्हणताना म्हणे मी जरा रेंगाळले. पुन्हा घेतलं.

मी म्हटलेले तुकडे कॉम्प्युटरात कापून ठेवायचे आणि हवे तसे जोडायचे. मग टाइप केलेलं कुठलंही मराठी वाक्य तो म्हणून दाखवणार. न दिसणाऱ्या मुलांसाठी आहे. त्यांच्यासाठी मी पुस्तकं कॅसेटवर वाचते, तिथूनच खु.नी मला शोधून काढलं. हिंदीचा आवाज झालाय, आता मराठी.

चहाच्या वेळी कळलं, खु. मूळचे पानिपतचे. मला हसू आलं. मग का हसले ते सांगावं लागलं. आमच्यात पानिपत हे गाव नाही, धुव्वा उडणं आहे, पोरगं गणितात नापास झालं तरी त्याचं पानिपत होतं.
"अब तक? सवा दो सौ साल हो गए!"
मग बिस्कीट बुडवत म्हणाले, "हमारे यहां तो बस चादरें बनती हैं."

२५ जून
प्रधानांनी नाटक वाचून दाखवलं. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनाची मागची खोली, नेहमीचीच. दिल्लीतल्या आपल्या मंडळींची नाटकं इतकी वर्षं तेच बसवतात, या वेळी लिहिलंही त्यांनीच. अंबू नावाची बाई. मुलगा शहरातून परत आलाय पण खोलीचं दार लावून बसलाय, उघडत नाही. शेवटचा सगळा भाग ती एकटी, बंद दाराशी बोलते.

वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाले, "सुलभा, हे लिहिताना मला तुझाच आवाज ऐकू येत होता."

बसमध्ये उभी होते, पण उभी आहे हे कळलंच नाही. बेचाळिसाव्या वर्षी कुणी आपल्या आवाजासाठी काही लिहावं...

अशोकला सांगितलं. खूश झाला, लगेच म्हणाला, "नाटकांची स्पर्धा जानेवारीत ना? तोवर आपण नोएडात. तालमींना येशील कशी?"
ते खरंच. मंत्रालय सोडून अशोक नव्या परदेशी कंपनीत गेला, तेव्हाच सरकारी क्वार्टर जाणार हे ठरलं. तरी ऐकायला नको वाटतं.

९ जुलै
केतकीने बघितलं. जेवताना म्हणाली, "आई, तू पाणी पितेस ना, तेव्हा तुझ्या गळ्यात काहीतरी वर-खाली होतं."
आरशात पाहिलं. होतं.

२२ जुलै
थायरॉइडची गाठ. सुईने तपासली, वाईट नाही. पण वाढतेय, काढलेली बरी. सप्टेंबर.

डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस तिथूनच जाते, आम्ही जपतो, तरी क्वचित... आणि कागदावर सही घेतली. अशोक लगेच म्हणाला, "क्वचित म्हणजे क्वचित गं."

खु.ना सांगितलं. त्यांच्या तोंडून आधी हेच निघालं, "तो ऑपरेशन से पहले रिकॉर्डिंग पूरी कर लें?" मग कानापर्यंत लाल. "मेरा वो मतलब नहीं था."
मतलब तोच होता. मीही तोच विचार करत होते, राग कसा येणार.

१५ ऑगस्ट
आलो नोएडात. फ्लॅट मोठा, उजेड भरपूर, शेजार नाही. समोर अर्धवट इमारती, मागे बाभळी आणि मोर. मोरांचं काही वाटत नाही इथे कुणाला. लाइट गेले की जनरेटर. फोनचा अर्ज केलाय, येईल तेव्हा येईल.

क्वार्टरमध्ये खिडकीतून हाक मारली की वरच्या बंगाली वहिनी, खालच्या सरदारणी, सगळ्यांना ऐकू जायचं. इथे हाक मारली तर मोर ओरडतो.

केतकी बाल्कनीत बसलेली. "मला लक्ष्मीबाई नगरची खूप याद येते."
याद. आठवण नाही. एरवी सुधारलं असतं.
मी म्हटलं, मलाही रुखरुख लागलीय. "रुखरुख मतलब?"
सांगायला गेले आणि सांगता येईना. म्हटलं, काहीतरी राहून गेलंय असं वाटतं ना, ते. "अच्छा, तो ये."

१ सप्टेंबर
रेकॉर्डिंग संपलं. शेवटी शेवटी मी इतकी सपाट बोलायला शिकले की घरीही तशीच बोलत होते. "आमटी. गरम. आहे." केतकीने उशी फेकून मारली.

संपल्यावर खु.नी पंखा लावला. म्हणाले, टेप थोडी उरलीय, जे मनात येईल ते बोला. मी अंबूचा शेवटचा भाग म्हटला. पंख्यासकट. सगळा पाठ झालाय हे मलाही माहीत नव्हतं. खु.ना मराठी येत नाही. संपलं तेव्हा ते काचेपलीकडे उभे होते.
"इसे रख लूं?"
मी नको म्हटलं. हे रंगमंचावर व्हायचं, टेपवर कशाला. पुसून टाका. त्यांनी दोनदा विचारलं, मग पुसलं.

१३ सप्टेंबर
उद्या ऑपरेशन. केतकीला जवळ घेऊन झोपले. ती मोठी झालीय, पाय बाहेर जातात.

२० सप्टेंबर
आवाज नाही.
म्हणजे हवा येते. दाराच्या फटीतून येते तशी.

२४ सप्टेंबर
डावा स्वरतंतू हलत नाही. नस कापलेली नाही, दुखावली असेल, असं म्हणतात. येईल, कदाचित नाही. सहा महिने वाट पाहू. डॉक्टर भला माणूस आहे, त्याच्यावर राग काढता येत नाही, हा एक त्रासच.

पाणी पितानाही ठसका लागतो. हनुवटी खाली घेऊन प्यायचं.

५ ऑक्टोबर
नवे नियम. केतकीला बोलवायचं तर ताटावर चमचा वाजवायचा. भाजीवाल्याला बोट दाखवायचं. दारावर बेल वाजली की "कौन?" म्हणता येत नाही, म्हणून आधी भोकातून बघायचं.

अशोक माझ्याशी मोठ्याने बोलायला लागलाय. "चहा हवाय काऽऽ?" मी लिहून दाखवलं, मी मुकी झालेय, बहिरी नाही. हसला. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

आज सकाळी बूट घालता घालता म्हणाला, "तू भांडत नाहीस हल्ली." मी खांदे उडवले. "भांड ना," म्हणाला. बूट घालून झाले तरी तसाच बसून होता. कंपनीची गाडी खाली हॉर्न वाजवत होती.

१४ ऑक्टोबर
प्रधान घरी आले. एवढ्या लांब, बस बदलत. बराच वेळ फ्लॅटचंच कौतुक केलं. मीच लिहिलं: अंबू कोण करतंय?
रुबीना. औसा गावची मुलगी, राजेंद्र नगरात राहून यूपीएससी करते. मागच्या वर्षी तिने एकांकिकेत दोन वाक्यं म्हटली होती, तीच.
"तू तालमींना येशील? नुसती बस."
हो म्हटलं. ते गेल्यावर भांडी घासली, बाईने घासून ठेवलेली.

आज पहिल्यांदा ती पुसलेली टेप आठवली. म्हणजे रोजच आठवत असणार. आज लिहिली.

२९ ऑक्टोबर
तालीम. रुबीनाला प्रधान शुद्ध करू पाहतात. ती 'म्या' म्हणते, ते 'मी' म्हणायला लावतात, की तिचं वाक्यच मरतं. मी कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवलं: राहू दे तिचं. अंबू काय सदाशिव पेठेतली आहे का?
प्रधान चिडले. मग म्हणाले, बरं, राहू दे.

रुबीना जिन्यात भेटली. "काकू, तुमी म्हणून दाखवलं असतं तर बरं झालं असतं." लगेच जीभ चावली. मी तिचा गाल थोपटला.
पोरगी चांगली आहे. तिचा हेवा वाटतो आणि हेवा वाटू नये एवढी ती चांगली आहे. काय करायचं.

१८ नोव्हेंबर
खु.चा निरोप आला, मशीन बोलायला लागलंय. केतकीला शनिवारची सुट्टी, तिलाही नेलं.

छोटे दोन स्पीकर. खु.नी एक बटण दाबलं.
"नमस्कार. मी तुम्हाला वाचून दाखवते."
मी. माझा आवाज. सप्टेंबरच्या आधीचा, घट्ट, नाकात किंचित घुमणारा. हे वाक्य मी आयुष्यात कधी म्हटलेलं नाही. हात आपोआप गळ्याशी गेला. खु.कडे बघवेना, त्यांनाही माझ्याकडे बघवत नव्हतं.

केतकीने विचारलं, "मी टाइप करू?" खु.नी रोमन अक्षरांत करायची सोय दाखवली. तिने लिहिलं: केतकी जेवायला ये.
आणि मी म्हटलं, "केतकी. जेवायला. ये."
ती हसली. पुन्हा दाबलं. पुन्हा. मग हसत नव्हती, नुसती दाबत होती. मी तिचा हात धरला तेव्हा कळलं की रडतेय.
"आई, तू असं नाही म्हणायचीस. तू 'केऽतू' म्हणायचीस. वो बीच में लंबा करके."
खु. खाली वाकून तिला विचारत होते, "कितना लंबा, बेटा? करके दिखाओ."
तिने करून दाखवलं. माझ्यासारखंच. मला माहीत नव्हतं मी अशी हाक मारते.

परतताना रिक्षात ती माझा हात धरून बसली. 

२५ नोव्हेंबर
खु.नी काम देऊ केलंय. आवाज झाला, आता त्याला चाल हवी. कुठे चढायचं, कुठे थांबायचं. वाक्यांवर खुणा करायच्या, ते त्याचे नियम बनवणार. त्यासाठी बोलावं लागत नाही.
अशोक म्हणाला, "घे. दहा वर्षांत सगळं हेच असणार आहे."
प्रधान म्हणाले, "यंत्राला काय शिकवतेस? कोण मेलंय, कोण आलंय, त्याला काय त्याचं."
हल्ली मला कुणाला उत्तर द्यावं लागत नाही, तेवढी एक चैन.

२ डिसेंबर
पहिलं भांडण, कागदावर. मी 'आलास?' हा एकच शब्द घेतला. वाट बघून कंटाळलेली आई, अचानक मुलगा दिसलेली आई, उशीर केला म्हणून रागावलेली आई. तीन चाली काढल्या.
खु.: "मशीन को कैसे पता चलेगा कौन सी लगानी है?"
मी लिहिलं: ती किती वेळ वाट बघत होती त्यावर.
"सुलभाजी, इंतज़ार तो टेक्स्ट में लिखा नहीं होता."
मी लिहिलं: कधीच नसतं.
ते वाचून त्यांनी पेन बंद केलं. मग म्हणाले, मशीनला अर्थ कळायची गरज नाही, आकार कळला की पुरे. मी लिहिलं, आकार अर्थातूनच येतो. म्हणाले, कदाचित. पण मला अर्थ मोजता येत नाही, आकार येतो, म्हणून मी तिथून सुरू करतो.
हे आवडलं. न येणाऱ्या गोष्टीची त्यांना लाज नाही.

९ डिसेंबर
प्रश्नाचा शेवट आता बरा चढतो. 'का?' छान म्हणते. "जेवलास का?" म्हटली तेव्हा खु.च्या ऑफिसातला प्यूनही वळला.
यंत्राला 'ती' म्हणायला लागले. कधीपासून?

१६ डिसेंबर
आज विलास आला होता, मशीन वापरून बघायला. जालन्याचा, इथे युनिव्हर्सिटीत इतिहास शिकतो. सतराव्या वर्षी दृष्टी गेली. ब्रेल उशिरा शिकला, बोटं अजून अडखळतात म्हणतो. पण मराठी टायपिंग आधी शिकलेला, ते बोटांत राहिलंय.
मी आलेय हे कळल्यावर उभा राहिला. "तुमच्या कॅसेटवर माझं बी.ए. झालं, मॅडम. पान उलटायच्या आधी तुम्ही श्वास घ्यायचात."
मी घोगऱ्या हवेत काहीतरी म्हटलं. त्याला आवाजाचं ठाऊक नव्हतं. त्याचा चेहरा... न दिसणाऱ्या माणसाचा चेहरा काहीच लपवत नाही.

मग यंत्रापुढे बसला. एक वाक्य टाइप केलं, ऐकलं. चुकलं, दुरुस्त केलं, पुन्हा ऐकलं. एकदम थांबला.
"सर, मला थोडा वेळ खोलीत एकट्याला बसता येईल?"
खु. म्हणाले, बिल्कुल.
"नाही, म्हणजे..." तो मराठीतच म्हणाला, माझ्याकडे तोंड करून, "मी जे काही लिहितो मॅडम, ते मला दरवेळी दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलेलं असतं. रूममेट, नाहीतर बहीण. त्यामुळे काही गोष्टी मी लिहितच नाही."

दार लावून घेतलं. आम्ही पॅसेजमध्ये. आधी नुसती बटणं. मग दारातून माझा आवाज, पुटपुटल्यासारखा, शब्द कळत नव्हते. थांबायचा, मागे जायचा, तेच पुन्हा म्हणायचा. मी त्या मुलाला त्याचं कुणालाही न सांगितलेलं काहीतरी वाचून दाखवत होते आणि मला ते ऐकायला येत नव्हतं.
खु. हळूच म्हणाले, "चलिए, नीचे चाय पीते हैं." ऐकू येऊ नये म्हणून. खाली आलो.

तो उतरला तेव्हा डोळे लाल. "चांगलं बोलते," एवढंच म्हणाला. मग जाताना, "पण ती श्वास घेत नाही."

१७ डिसेंबर
इतके दिवस वाटत होतं, माझं चोरून त्या डब्यात ठेवलंय. काल पहिल्यांदा वाटलं नाही.
आज पुन्हा वाटतंय. असं एकदाच ठरत नाही बहुतेक.

३१ डिसेंबर
धुकं. बाल्कनीतून समोरची इमारत नाही. मोरही नाही. केतकी आणि अशोक बाजारात. घरात एकटी असताना 'आ' म्हणून बघते, डॉक्टरांनी शिकवलंय तसं, दोन्ही तळवे भिंतीवर दाबून. भिंत हलत नाही, आवाजही नाही. पण आज अगदी शेवटी काहीतरी खरखरलं. जनरेटर असेल.

१४ जानेवारी ९६
स्पर्धेतला प्रयोग झाला. हॉल भरलेला, स्वेटर आणि मफलर, तिळगुळाचे डबे. मी तिसऱ्या रांगेत, अशोक आणि केतकीच्या मध्ये.

रुबीना बंद दाराशी बसली. मी प्रत्येक वाक्य तिच्या आधी मनात म्हणत होते, आधी पोचत होते, वाट बघत होते. एका जागी, "भाकर झाकून ठिवलीया," याच्यानंतर मी लगेच पुढचं म्हटलं असतं. माझ्या डोक्यात ते कायम जोडून होतं. ती थांबली. इतकी थांबली की मागे कुणीतरी खोकायचं राहिलं. दाराला कान लावला आणि मग बोलली.
मला हे सुचलं नसतं. इतके महिने मी जे गमावलं म्हणून झुरत होते, त्यात हे नव्हतंच.
केतकीने माझ्या तोंडावर हलकेच हात ठेवला. "आई, तुझे ओठ हलतायत."

आत गेले. रुबीना मेकअप पुसत होती. माझे पाय धरायला वाकली, मी उचललं. कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "थांबलीस ते..." पुढे हवा संपली. तिला कळलं असावं.
"म्या थांबले नाही काकू," हसत म्हणाली, "विसरले होते."
विश्वास ठेवावा की नाही!

४ फेब्रुवारी
खु.ना तो थांबण्याचा किस्सा लिहून सांगितला. "भूल जाना... ये तो मैं डाल ही नहीं सकता. मशीन भूलती नहीं." मग म्हणाले, पुढच्या टप्प्याला मंजुरी मिळालीय. नवा आवाज घ्यायचा, या वेळी भाव घालून, वाक्यंच्या वाक्यं. "आपका तो..." आणि थांबले.
मी लिहिलं: रुबीना.
लिहून कागद लगेच दिला नाही. थोडा वेळ हाताखाली धरून ठेवला.

११ फेब्रुवारी
रुबीना घरी आली विचारायला. "काकू, मी आवाज देऊ का? तुमाला चालंल?" तिला परीक्षेआधी चार पैसे हवेत, ते ती बोलत नाही. आणि म्हणाली, "माझी बोली ऐकून पोरं हसतील."
लिहिलं: औशाचं पोर नाही हसणार.
वाचत राहिली. केतकी आतून आली, "मतलब मशीन दीदी के जैसी बोलेगी? आणि आईवाली?"
खु.नी सांगितलंय, दोन्ही राहतील. ज्याला जी हवी ती.
विलासने माझी ठेवलीय. रोज बसतो म्हणे.

३ मार्च
डॉक्टर. तंतू तसाच आहे, पण दुसरा पलीकडे येऊन त्याला टेकायला लागलाय. म्हणून हल्ली थोडा आवाज निघतो, खालच्या पट्टीतला, फाटका, पुरुषी. केतकी म्हणते, "विलन लगती हो."
छोटं ऑपरेशन करता येईल, तंतू मध्ये सरकवायचा. आवाज भरेल. पहिला येणार नाही, वेगळाच येईल, आणि बिनसलं तर आत्ताचाही जाऊ शकतो. नाहीतर आहे तसं राहू द्यायचं. घाई नाही, कळवा.
अशोक गाडी चालवताना म्हणाला, "तुला काय वाटतं?" मोठ्याने नाही, नेहमीच्या आवाजात.
मी म्हटलं, "माहीत नाही." हे बोलून म्हटलं. तो रस्त्याकडे बघत हसला आणि चुकीच्या वळणावर वळला.

१७ मार्च
अजून ठरत नाही. सकाळी वाटतं करावं, संध्याकाळी वाटतं या फाटक्याची आत्ता कुठे ओळख होतेय. दूधवाल्याला त्याच आवाजात झापलं आज, घाबरला.
आणि मध्येच, भाजी चिरताना, काहीही कारण नसताना, तो जुना आवाज हवा असतो. इतका हवा असतो की सुरी खाली ठेवावी लागते. लॅबमध्ये जाऊन ऐकता येईल, खु. नाही म्हणणार नाहीत. पण ऐकायचा नसतोच. आतून काढायचा असतो.

२४ मार्च
फोन आला! म्हणजे यंत्र आलं, लाल रंगाचं, लाइनमनने टेबलावर ठेवलं, नंबर फिरवून दाखवला, मिठाईचे पैसे घेऊन गेला. अशोकने ऑफिसातून सगळीकडे नंबर कळवला.

दुपारी एकटीच होते. वाजला. पहिलाच. धावत गेले.
लांबची घरघर, मग मिरजेहून ताई. माझी सख्खी मोठी बहीण. तिला पत्रातून ऑपरेशनचं कळवलं होतं, आवाजाचं नाही. पत्रात आवाज दिसत नाही, तेव्हा लिहायचं राहून गेलं, मग लिहायचं कसं ते कळेना.
"हॅलो, देवकरांचं घर का?"
"हो," म्हटलं.
"कोण बोलतंय?"
"मी."
ती अदबीने, परक्या माणसाशी बोलतात तशी, "अहो, जरा सुलूला बोलावता का? मी तिची ताई बोलतेय मिरजेहून."

मी म्हटलं, "थांबा हं. बोलावते."
रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला आणि तिथेच उभी राहिले. ताईच्या मागे कुकरची शिट्टी झाली. कुणाला तरी म्हणाली, "गॅस बारीक कर, सुलू येतेय."

उचलला.